मॅलॉकचा मॅगपाय आणि आमचं घर

नेव्हिल भावजींना ग्लेनिसचा नमस्कार. चार वर्षांनी पत्र लिहितेय म्हणून दचकू नका. गुडघा कसा आहे? (भर नाताळात, सगळ्यांसमोर, माझ्या पावलोव्हा केकला तुम्ही 'चपलेचा तळ' म्हणालात ते मी विसरलेले नाही. पण तब्येतीची चौकशी करायची पद्धत आहे.)

तर, जिने झेपत नाहीत म्हणून आम्ही बैठं घर शोधतोय. माझं मत हार्लो पार्क. सपाट रस्ते, कोपऱ्यावर बेकरी, डॉक्टर हाकेच्या अंतरावर. (घरं बघत दिवसभर हिंडले, कुणी मान वर करून पाहिलं नाही, पण ते असो.) तुमच्या भावाचं, मर्व्हचं मात्र एकच टुमणं, मॅलॉक बघू, मॅलॉक बघू. म्हटलं, "बघायला काय जातंय? पण तुझ्या भावाच्या शेजारी मी मेले तरी राहणार नाही."

शनिवारी रूळ ओलांडून तुमच्या गल्लीत पाऊल टाकते न टाकते, तोच झाडावरून मॅगपाय झेपावला आणि माझ्या डोक्यात टोचा मारला! पिल्लांचे दिवस, मान्य. पण मी त्याचं काय घोडं मारलं होतं? मी किंचाळतेय, आणि अख्खी गल्ली बाहेर आली ती पक्ष्याची बाजू घ्यायला! (तुम्ही नेमके बोल्स खेळायला गेला होतात. नशीब तुमचं.) समोरची बाई म्हणाली, "गरीब आहे हो तो, ओळखीच्याला काही करत नाही," आणि आइस्क्रीमचा रिकामा डबा माझ्या डोक्यावर उपडा घालून मोकळी झाली. डब्यावर मागच्या बाजूला डोळे काढलेले, म्हणे डोळे दिसले की तो मागून झडप घालत नाही! मग त्याच अवतारात मला चहा पाजला.

पण खरा धक्का पुढेच. मर्व्ह उघड्या टकलाने झाडाखाली उभा, आणि तो पक्षी त्याच्या बुटाशी उतरून चोच वासतोय! "अरे, हा तुला कसा ओळखतो?" बाईच म्हणाली, "नाही कसा ओळखणार? दर बुधवारी येतात ना भावाकडे! दोघं व्हरांड्यात बसून त्याला खिमा चारतात."

दर बुधवारी! मला सांगून जातो, पाठीला शेक घ्यायला! मर्व्ह बुटाकडे बघत म्हणाला, "सख्खा भाऊ आहे गं माझा." माझ्या नवऱ्याने सख्ख्या भावाला चोरून भेटावं? मला रडू आलं, तेही डोक्यावर डबा असताना.

तेव्हा स्पष्ट कळवते. घर हार्लो पार्कलाच. माझा शब्द म्हणजे शब्द.

अजून रागावलेली,
ग्लेनिस

ता. क. काल मॅलॉकच्या घराला होकार दिला. तुमच्या शेजारचं, झाडाखालचं.

ता. क. दुसरा. राहायला येण्याआधी त्या पक्ष्याला माझं तोंड ओळखीचं व्हायला हवं. येत्या बुधवारी मीही येऊ का? खिमा आणते. पावलोव्हाही आणतेय, तो पक्ष्याला चारताना दिसलात तर बघा.