आत्यानं द्यायचं नाव

नागपूर, मंगळवार

चि. अपर्णास बाबांचा आशीर्वाद.

तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत? जावईबापूंचा ताप उतरला का? तुझ्या सासूबाईंना ऑपरेशननंतर नीट दिसते ना?

इकडे तुषार आणि सूनबाई बरे आहेत. बाळ अजून काचेच्या पेटीतच आहे. कालपासून रडत नाही, शांत आहे.

बसल्याबसल्या मी शिवण शिकून राहिलो. लोधीखेड्याची एक आजी इथं दवाखान्यात नातवापाशी आहे. ती टेलरकडच्या चिंध्या गोल कापते, काठानं दोरा घालून ओढते, की बटव्यासारखं फूल होते. पोरी त्याले योयो म्हणतात. माझं पहिलं पाहून म्हणाली, "भाऊ, फूल सांगितलं होतं, भजं नाही!" सूनबाई कितीक दिवसांनी हसली.

डॉक्टर म्हणतात, बारशापर्यंत थांबू नका. पण नाव ठेवायचा मान आत्याचा, तो मी कसा घेऊ? फोनवर तुझा आवाज ऐकला तर माझ्यानं बोलणं होणार नाही. म्हणून चिठ्ठीवर तूच नाव लिही. ती फुलाच्या पोटात घालून पेटीले बाहेरून बांधीन, आणि तुझ्या वतीनं हाक मारीन. नर्सबाई हो म्हणाली.

पोरगी बिननावाची जाऊ नये, एवढंच. हे आईले वाचून दाखवू नको.

पत्र तुषारचा दोस्त अमित घेऊन येते. त्याले चहा दे, आणि त्याचा कप रिकामा होईस्तोर उत्तर लिहून दे.

तुझे बाबा