रांगेतली मोकळी जागा

३ जून

आलो एकदाच्या! ट्रकमध्ये दोन दिवस हाडं खिळखिळी झाली, पण सरोवर दिसलं आणि माझी लेक ल्हाकी टाळ्या पिटू लागली. सात वर्षांची आहे. वडील गेल्यापासून अशी हसली नव्हती. आमा त्सेकी या मेंढपाळ म्हातारीकडे उतरलो आहोत. तिने चहात सढळ हाताने लोणी घातलं आणि विचारलं, नवऱ्याने एवढ्या लांब पाठवलंच कसं? मी म्हटलं, त्याला विचारायची आता सोय नाही. मग दोघीही हसलो. आमचं जमणार.

५ जून

जिची मोजणी करायला आले ती जुनी दफनभूमी घरासमोरच्याच माळावर आहे. पश्चिमेला दगडी चौथरा, त्याच्यापुढे उभ्या दगडांच्या अठरा रांगा. काही ल्हाकीएवढे, बरेचसे माझ्याएवढे. माणसाहून उंच एकही नाही. पहिल्या रांगेत मधोमध एक जागा मोकळी आहे, खड्डा अगदी स्वच्छ. मोजणीची काठी रोवायला आयतीच जागा मिळाली. दुर्बिणीतून ती दिसेना, म्हणून ल्हाकीच्या आखूड झालेल्या लाल अंगरख्याची चिंधी फाडून बांधली. मग काम झपाट्याने झालं.

७ जून

ल्हाकीचे पाय गार पडलेत. दुखत नाहीत म्हणते. पायाशी शेगडी ठेवली, वर याकची लोकर गुंडाळली, तरी गारच. काठी चार बोटं खचली आहे. जमीन भुसभुशीत असावी.

८ जून

काठी आठ बोटं खाली. ल्हाकीच्या पायांवरचा गारठा बोटांनी मोजला. आठ बोटं वर.

पुन्हा मोजलं. आठच.

तिच्या अंगठ्याच्या नखावर टिचकी मारली. दगडावर मारल्यासारखी वाजली. मी फार घाबरले आहे.

९ जून

आमा त्सेकीने विचारलं, काठीवरची चिंधी कुणाची? सांगितलं तर मटकन खालीच बसली.

मला कळायला हवं होतं. आमच्याकडेही आजाऱ्यासाठी सातूच्या पिठाची बाहुली करतात, त्याच्या कपड्याची चिंधी बांधतात, आणि याच्याऐवजी ही घे म्हणून उतारा ठेवून येतात. इथले लोक त्या खड्ड्यात दर वर्षी बाहुली ठेवतात, पण चिंधी कधीच नाही; जिची चिंधी, तिलाच ती जागा घेते. मी माझ्या हाताने बांधली. माझ्याच लेकीची.

मी म्हटलं, आत्ता जाऊन सोडून आणते.

"दिलेलं परत मागता येत नाही, पोरी," आमा म्हणाली. "बदलून देता येतं."

१० जून

गाठ सुटत नाही. चाकू चालत नाही. काठी हलत नाही – बाहुली ठेवली, सकाळी पार चौथऱ्याच्या पायथ्याशी पडलेली – मेंढीची लोकर बांधली, तीही तशीच –

गारठा गुडघ्यांवर. ल्हाकी विचारते, शाळा कधी सुरू होणार.

११ जून

ल्हाकीला माझ्या बहिणीकडे पोचवायचं आमाने कबूल केलंय. शिव्या घातल्या, रडली, पण कबूल केलं.

काठीपाशी आहे. माझ्या एप्रनची पट्टी फाडून बांधली. ल्हाकीची गाठ लगेच सुटली – बोट लावताच –

पाय गेले. इतक्या लवकर –

दारात ल्हाकी. उभी आहे. स्वतःच्या पायांवर –

धावतेय. इकडे नको – आमा, धर तिला – ती मला हाका मारतेय आणि मला पाऊल उचलता –

कंबर. वही छातीशी धरली आहे. धावण्याचा आवाज जवळ येतोय, किती हलके पाय, माझ्या बाळाचे किती हल