शर्टाची सहा बटणं

४ मार्च

प्रिय चिमी,

अनेक आशीर्वाद. हे दोन शब्द लिहावेत की नाहीत, यातच दोन कागद वाया गेले. अकरा वर्षांनी पत्र लिहायला बसलेल्या थोरल्या बहिणीने आशीर्वाद द्यायचे की आधी माफी मागायची, कोण जाणे. तू आणि तुझ्या घरचे बरे असाल. तुझी शाळेतली नोकरी अजून चार वर्षं आहे ना? मी तीन वर्षांपूर्वी सुटले. चौतीस वर्षं त्या शिलाईच्या कारखान्यात काज-बटण केल्यावर डोळेच म्हणाले, बाई, आता पुरे.

अक्षर वाकडं आलंय. टेबल गुळगुळीत आहे, कागद सारखा सरकतो.

सोन्या ठीक आहे. आपला भाऊ छप्पन्न वर्षांचा झाला, केस माझ्याहून पांढरे झाले, पण अजून ‘सोन्या’ म्हटल्याशिवाय वळून बघत नाही. मुद्दलात फरक नाही. अजून दारात येईल त्याला आत बोलावून खुर्ची देतो. गेल्या महिन्यात वीजमीटर बघायला आलेल्या माणसाला माझी पर्स उघडून दाखवली, का तर आत नवा कंगवा होता म्हणून.

पत्राचं कारण सांगते. आमच्या वाचनालयात मंगळवारी आणि शुक्रवारी एक मदत-टेबल लागतं. म्हातारी माणसं आणि अपंग माणसं यांना सरकारकडून काय काय मिळू शकतं, ते तिथे बसलेली बाई शोधून देते. मी माझ्या पेन्शनचं विचारायला गेले होते. कारखान्याच्या मालकाने काही वर्षं पैसे भरलेच नव्हते, ते तिने कुठल्याशा जुन्या यादीतून बाहेर काढलं. वयाने तिशीची असेल, चष्मा सारखा नाकावरून घसरतो, पण कागदाचा माग काढण्यात एकदम तरबेज. मग तिने विचारलं, “आजी, घरी आणखी कोण?”

मी सोन्याचं सांगितलं. ती म्हणाली, “त्यांचं अपंगत्वाचं प्रमाणपत्रच काढलं नाही? छप्पन्न वर्षं?” मी म्हटलं, गरज पडली नाही, मी आहे ना. त्यावर ती सरळ म्हणाली, “तुम्ही नसाल तेव्हा?”

मला असा राग आला! उठूनच निघाले होते. पण पिशवी घेताना सगळं खाली सांडलं आणि ती टेबलाखाली वाकून एकेक वस्तू गोळा करायला लागली, मग परत बसावं लागलं. तिने सांगितलं ते असं: प्रमाणपत्र मिळालं तर सोन्याला दरमहा भत्ता सुरू होतो. आणि सरकारी निवासगृहाच्या यादीत नाव घालता येतं. यादी लांब असते, म्हणून आत्ताच घालायचं.

हो, चिमी. निवासगृहच. तू काय म्हणशील ते मला माहीत आहे, म्हणू नकोस.

तर मागच्या महिन्यात तपासणी झाली. तीन डॉक्टर ओळीने बसलेले. मी सोन्याला निळा शर्ट घालून, भांग पाडून नेलं, जसं काही बघायलाच येणार होते त्याला. मधल्या डॉक्टरने विचारलं, “शर्टाची बटणं लावता येतात का?” झालं! आपल्या राजाने सहाच्या सहा बटणं काढली आणि सहाच्या सहा लावून दाखवली. प्रत्येकाला “गेलं घरी, गेलं घरी” म्हणत. मग त्याचं लक्ष डॉक्टरच्या कोटाकडे गेलं. मधलं एक उघडं होतं. उठला, टेबलाला वळसा घालून गेला आणि तेही लावून आला. तिघेही हसले. डॉक्टर म्हणाले, “फार छान. कोणी शिकवलं?”

मी ताठ मानेने म्हटलं, “मी.”

आणि कागद आला: अपंगत्व मर्यादेपेक्षा कमी. भत्ता नाही, यादीत नाव नाही. मदत-टेबलावरच्या बाईने कपाळावर हात मारला. “आजी, तुम्ही त्यांना परीक्षेला नेलंत. त्यांना काय येतं ते दाखवायचं नसतं हो, काय येत नाही ते सांगायचं असतं.” तीस दिवसांत फेरतपासणी मागता येते, ती मागितली आहे.

एवढंच. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

तुझी ताई

*

२९ एप्रिल

चिमी,

तुझं कार्ड मिळालं. दोनच वाक्यं: “सोन्या कसा आहे? तू कशी आहेस?” तुझं अक्षर अजून फळ्यावर लिहिल्यासारखं ठळक. सोन्याने ते कार्ड तीन दिवस खिशात ठेवलं. आता ते जरा मळलंय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते.

फेरतपासणी झाली, जमलं. प्रमाणपत्र आलं. भत्ता मंजूर व्हायच्या मार्गावर आहे आणि निवासगृहाच्या यादीत नाव जाईल. एक घरभेट बाकी आहे. बारा जूनला अधिकारी घरी येऊन खात्री करून जाणार. मदत-टेबलाची बाई एवढी खूश झाली की तिने आपल्या डब्यातली बिस्किटं सोन्याला दिली.

कसं जमलं ते आता ऐक. आदल्या आठवड्यात रोज सकाळी मी त्याची तालीम घेतली. त्याला समोर बसवायचं, विचारायचं, “बटणं लावता येतात का?” आणि त्याने म्हणायचं, “येत नाहीत.” पहिल्या दिवशी तो हसायलाच लागला. “येतात की, ताई!” मी ओरडले. मग म्हणाला, “येतात, पण येत नाहीत.” मी पुन्हा ओरडले. चौथ्या दिवशी जमलं. मी शाबासकी दिली, आणि चिमी, तो खूश झाला गं. मी खूश झाले म्हणून खूश झाला.

तपासणीत डॉक्टर वेगळे होते. प्रश्न तोच. त्याने आधी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याने हात मांडीखाली दाबून धरले आणि म्हणाला, “येत नाहीत. ताई लावते.” पाणी ओतून घेता येतं का? येत नाही. नाव लिहिता येतं? येत नाही. ते मी शिकवलंसुद्धा नव्हतं. त्याच्या लक्षात आलं होतं की इथे सगळ्याला तेच उत्तर द्यायचं. बाहेर आल्यावर विचारतो, “ताई, बरोबर आलं ना?”

मी बरोबर म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

आता एक कबुली. अर्जात एक चौकट आहे: ‘सध्याच्या पालकानंतरची जबाबदार व्यक्ती’. ती रिकामी ठेवली तर अर्ज पुढे सरकत नाही. मी तुझं नाव आणि पत्ता लिहून टाकला. तुला न विचारता. पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आधीच लिहिला होता, म्हणून तर पत्र लिहिलं. तुझ्या सहीसाठी एक कागद टपालाने येईल. करायची नसेल तर करू नकोस, मी समजून घेईन, म्हणजे प्रयत्न करीन.

आईच्या जाण्यानंतर तू हेच म्हणाली होतीस. आत्तापासून कुठे तरी त्याचं नाव घालून ठेवू, ताई, तू काय कायमची पुरणार आहेस का, असं म्हणालीस. आणि मी म्हटलं होतं, भावाला टाकायला निघालीस, पुन्हा या दाराची पायरी चढू नकोस. शेजारी ऐकत होते तरी म्हटलं. आता मीच त्या निवासगृहाच्या दारापुढे रांगेत उभी आहे. तू बरोबर होतीस. हे एक वाक्य लिहायला मला अकरा वर्षं लागली, आणि अजूनही जिवावर आलंय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुढे कधी तरी.

ताई

*

३ जून

चिमे,

तुझी सही झालेला कागद मदत-टेबलावर परस्पर पोचला, तिथल्या बाईने मला दाखवला. मी तिच्यासमोर रडले. ती बिचारी गोंधळून गेली, तिला वाटलं काही चुकलं.

सही केलीस, आता सगळं ऐकून घे. मी अर्धवटच सांगितलं आहे तुला.

तपासणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सोन्या शर्ट घालून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. सगळी बटणं उघडी. मी म्हटलं, लाव की. तो म्हणाला, “येत नाहीत.” मला वाटलं, चेष्टा करतोय. म्हटलं, अरे, ते कालचं होतं, संपलं. “येत नाहीत, ताई.” पाण्याचा पेला पुढे ठेवला तर बघत बसला. मी समजावलं, लाडीगोडी लावली, चिडले, पाया पडायची बाकी राहिले. चिडले की तो जास्तच घट्ट हात दाबून धरतो आणि म्हणतो, “बरोबर सांगतोय ना?” आता सहा-सात आठवडे होऊन गेले. माणूस तोच आहे आणि हात तेच आहेत. मी त्याला चार दिवसांत शिकवलं, आणि ते इतकं पक्कं बसलंय की पुसता येत नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न. नोव्हेंबरात मला झटका येऊन गेला. छोटासाच, डॉक्टर म्हणाले. बोलणं चालणं ठीक आहे, पण डावा हात उरला नाही. खांद्याला लटकतो नुसता. कागद सरकतो तो टेबल गुळगुळीत आहे म्हणून नाही गं, धरायला हात नाही. त्या दिवशी पिशवीही म्हणूनच सांडली. दुसरा झटका येऊ शकतो म्हणाले. कधी, ते त्यांनाही माहीत नाही.

दवाखान्यातून घरी आले त्या सकाळी मी ब्लाउजची बटणं घेऊन अर्धा तास झगडत होते. जन्मभर दुसऱ्यांच्या कपड्यांना बटणं लावली आणि स्वतःचं एक लागेना. सोन्या आला, माझा हात बाजूला केला आणि लावायला लागला. “गेलं घरी. गेलं घरी.” शेवटचं लावून झालं की माझ्या गालावर टिचकी. तेव्हापासून रोज. पाच महिने रोज सकाळी त्यानेच मला कपडे घातले, चिमी. मी तपासणीला ज्या साडीत गेले, तिचा पदरही त्यानेच पिनेने लावला होता, आणि आत जाऊन मी त्याला सांगायला लावलं की मला काही येत नाही.

आता सकाळी आम्ही दोघं समोरासमोर बसतो. त्याची उघडी, माझी उघडी. साडेआठला शेजारीण दूध द्यायला येते, ती आधी माझी लावते, मग त्याची. काल ती म्हणाली, “काय हो, दोघांनी संप केलाय का?” मी हसले. सोन्यापण हसला.

आणि एक राहिलंय. “कोणी शिकवलं” या प्रश्नाला मी “मी” म्हटलं होतं. जगाला हेच सांगत आले. खोटं आहे ते. मी तीन वर्षं त्याच्यामागे लागले होते, ओरडून, चापट्या मारून, आणि हात टेकले होते. तू आठ वर्षांची होतीस, तो दहाचा. तू जिन्यात त्याच्याशी घर-घर खेळायचीस. बटण म्हणजे माणूस, काज म्हणजे त्याचं दार, बाहेर अंधार पडतोय, पटपट सगळ्यांना घरी पाठवायचं. एका सुट्टीत शिकवलंस. “गेलं घरी” हे तुझं आहे. मी त्या रात्री आईला म्हटलं, बघ, शेवटी माझ्या मेहनतीला फळ आलं. तू तिथेच होतीस. काही बोलली नाहीस. तुला आठवत असेलच.

माझ्याने त्याला ते परत शिकवता येणार नाही. मला शिकवताच येत नाही, मला ओरडता येतं. तू ये.

अकरा तारखेला ये. बाराला अधिकारी येणार. मी खूप विचार केला. त्याला बटणं लावता आली तर भत्ता जाईल, यादीतून नाव जाईल, ही भीती आहेच, खोटं कशाला बोलू. मदत-टेबलाच्या बाईजवळ सगळं कबूल केलं. ती चष्मा वर सारून म्हणाली, “आजी, त्यांना खरंच काय येत नाही, ते तुम्ही एकदाही सांगितलं नाहीत.” खरंच नाही सांगितलं. पहिल्यांदा तोऱ्यात गेले, दुसऱ्यांदा खोटं सांगितलं. म्हणून आता तिच्या मदतीने खरं ते लिहून ठेवलंय. त्याला रस्ता ओलांडता येत नाही. गॅस चालू आहे की बंद, ते कळत नाही. तापाने फणफणला तरी दुखतंय म्हणून सांगता येत नाही. कोण लुबाडतंय आणि कोण प्रेमाने बोलतंय, यातला फरक कळत नाही. आणि मी दवाखान्यात होते त्या चार दिवसांत तो दारात बसून होता, कोणी समोर ठेवलं तर खाल्लं, नाही तर नाही. हे लिहिताना मला वाटत होतं, मी भावाची चहाडी करतेय. पण प्रत्येक शब्द खरा आहे. अधिकाऱ्याच्या हातात तो कागद देईन, आधी खोटं सांगितलं होतं तेही सांगीन. मग त्याच्यासमोर सोन्याने खुशाल सहाच्या सहा बटणं लावावीत. ती बाई म्हणते, बहुतेक मिळेल, पण खात्री नाही. नाही मिळालं, तर चौकटीत तुझं नाव आहे, एवढाच मला आधार आहे.

तुझं कार्ड दाखवून सोन्याला रोज विचारते, “कोणी पाठवलं?” काल पहिल्यांदा त्याने आपलं वरचं बटण चिमटीत धरलं. लावलं नाही. धरूनच म्हणाला, “चिमी कुठे गेली?”

मी सांगितलं, घरी येतेय.

दाराला कडी लावलेली नाही, पायरीही मी स्वतः झाडून ठेवते आहे. सकाळी साडेआठच्या आत पोच, म्हणजे त्या दिवशी शेजारणीला बोलवायला नको.

उघड्या बटणांनी वाट बघत बसलेले तुझे दोघं,
सोन्या आणि ताई