बाहेरची कडी

दिघी, मंगळवार, पौष, १९५२

झोप येत नाही. लिहून टाकलं तर लागेल कदाचित.

लढाईवरून आल्यापासून चावडीच्या ओट्यावर निजणाऱ्या शिवराम हवालदाराला आज छप्पर मिळालं. घोंगडी पाटलांची, भाकरी पाळीपाळीनं घरोघरची, आणि गंगूबाईची कडब्याची खोली. सगळ्यांच्या दारात मीच फिरलो. पण त्या खोलीला कडी फक्त बाहेरून आहे, हे मला दिसलं कसं नाही?

दिवेलागणीला गंगूबाई भेटली. म्हणाली, "गुरुजी, हवालदार आत निजलाय. कुत्रं शिरंल म्हनून म्या कडी घातलीया."

हा माणूस शत्रूच्या कैदेत राहून आलाय, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. धावत गेलो. आतून हूं की चूं नाही. कडीवर हात ठेवला, पण काढवेना. जिवाचं काही बरंवाईट केलं असेल? की दार उघडताच अंगावर येईल?

शेवटी काढली. हवालदार भिंतीशी ताठ उभा, हात मांड्यांना चिकटलेले. माझ्याकडे न बघता म्हणाला, "साहेब, गिनती ऱ्हायलीया."

कैद्यांची गिनती, रात्री कोठडी बंद करताना व्हायची ती! मी कसाबसा म्हणालो, "झाली, हवालदार."

तो तिथंच आडवा झाला.

उद्या सुतार कडी आतून बसवील. परवा ओट्यावर निजणारे आणखी दोघं याच खोलीत यायचेत. त्यांचं तरी मला काय ठाऊक आहे? "झाली" म्हणताना माझा आवाज पहारेकऱ्यासारखा लागला होता. आणि त्या आवाजावरच त्याला झोप लागली.