देव बंद कर म्हणाला, आजच कुठं म्हणाला?

वेरावळ, डिसेंबर १९८६

म्हणून काय झालं, आते? तार काय माणूस मेल्यावरच करायची असा सरकारी कायदा आहे? मागच्या पत्रात तेच, या पत्रातही तेच. मी पैसे घालून तार केली, ती तुम्ही न उघडता ओटीवर ठेवलीत, सगळी वाडी गोळा केलीत आणि माझ्या नावाने गळा काढलात, आणि चूक माझी? तार इंग्रजीत होती हे कबूल. पण इथल्या पोस्टात मराठी तार घेणारा माणूस नाही, त्याला मी काय करू?

असो. हौसाआतेस केरूचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. रागाच्या भरात तो मागे राहिला, तो पहिल्या ओळीत होता असं समज. मी बरा आहे (मेलेलो नाही, हे पुन्हा लिहून ठेवतो). तुझा गुडघा कसा आहे? तांबडी गाय व्याली का? इकडे बर्फाच्या कारखान्यात थंडीच्या दिवसांतही काम जोरात आहे, कारण मासळीला थंडी वाजत नाही. (मालन, पत्र तूच वाचून दाखवणार म्हणून सांगतो, कंसातलं मनात वाच. आतेला ऐकवू नकोस.)

आता तुझ्या तक्रारींकडे वळतो. सून कामात लक्ष देत नाही, भिंतीकडे बघत बसते, आपल्याला न विचारता रत्नागिरीला जाऊन येते, आणि देवाला तिने तुझ्याविरुद्ध फितवलं. आते, हे सगळं तू सांगितलंस आणि लिहिलं कोणी? मालनने. एक काना इकडचा तिकडे नाही. स्वतःविरुद्धची फिर्याद इतक्या सुवाच्य अक्षरात लिहून देणारी सून पंचक्रोशीत दुसरी दाखव. मी ते अक्षर कारखान्यात सगळ्यांना दाखवलं. (मजकूर दाखवला नाही.) माझी शाळा चौथीत सुटली, तिची सातवी झाली, आणि लग्न ठरताना तूच म्हणाली होतीस, शिकलेल्या पोरी मिजासखोर असतात. आता बघ, मिजास असती तर तिने निदान एक तक्रार गाळली असती.

गोळ्यांचं मुळापासून बोलू. गेल्या वर्षी आमचं पहिलं पोर गेलं आणि मालन बोलेनाशी झाली. जेवण नाही, झोप नाही, विहिरीच्या काठावर जाऊन बसायची. तिला तिथून दंडाला धरून ओढून आणलंस ती तूच. भाताचा घास तोंडात कोंबलास तोही तूच. मी तेव्हा इथे बर्फाच्या लाद्या फोडत होतो. अंगारे झाले, उतारे झाले, मग रत्नागिरीच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि दोन-अडीच महिन्यांत बाई उठली, लावणीला गेली, तुझ्याशी भांडलीसुद्धा. भांडली म्हणून तू देवाला नारळ फोडलास, हे विसरलीस का?

मग तिला दिवस गेले. गोळ्या पोटातल्या पोरापर्यंत जातात असं तू कुठेतरी ऐकलंस (हे खोटं नाही, पुढे सांगतो) आणि थेट देवळात जाऊन कौल लावलास. गुरवाने पाकळ्या चिकटवल्या, तू विचारलंस, गोळ्या बंद करू का, उजवी पाकळी पडली, म्हणजे देवाचा होकार, झालं. घरी येऊन गोळ्यांचा डबा आढ्याला टांगलास, सुक्या बांगड्यांच्या शेजारी. हे सगळं कळवणाऱ्या पत्राच्या तळाला मालनने आपल्या दोनच ओळी लिहिल्या होत्या: चक्कर येते, झोप गेली, परत तसं वाटू लागलं आहे. सोबत गोळ्यांचं रिकामं पाकीट. 'तसं' म्हणजे कसं, ते मला समजलं. हातातली लादी पायावर पडायची राहिली.

ते पाकीट घेऊन मी इथल्या औषधवाल्याकडे गेलो. त्याने विचारलं, कोणासाठी? आता बायकोचं दुखणं भर बाजारात कशाला, म्हणून मी पाकीट तेवढं पुढे सरकवलं. त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आवाज मऊ केला आणि गुजरातीत म्हणाला, भाऊ, डॉक्टरची चिठ्ठी आण, सगळं बरं होईल. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो तर मुकादमाने माझ्या हातातला बर्फ फोडायचा टोच्या अलगद काढून घेतला. मला टेबलावर बसवलं, ट्रॉलरवाल्यांना पावत्या द्यायला. पहिला चहा मला. मोठ्याने हसलो तरी चौघं दचकून बघायचे. औषधवाला आमच्या मुकादमाचा साडू निघाला. खरं सांगतो आते, गोळ्या मलाच लागतात हा त्यांचा गैरसमज तीन दिवस मी दूर केला नाही. मऊ बोलणी खायची सवय आपल्या घरात कोणाला आहे?

पण चिठ्ठी हवी म्हणून बाईडॉक्टरकडे गेलो. बाकावर सगळ्या गरोदर बायका आणि मध्ये मी, मांडीवर जेवणाचा डबा घेऊन. बाईने विचारलं, पेशंट कुठे? म्हटलं, रत्नागिरी जिल्ह्यात. मग तू कोण? म्हटलं, नवरा. बाकावरच्या बायका पदर तोंडात घालून हसल्या, एकीने माझ्यासाठी सरकून जागा केली. बाई मात्र हसली नाही. तिने पाकीट वाचलं आणि हिंदीतून नीट समजावलं. या गोळ्या पोटातल्या पोराला शंभर टक्के निर्धोक आहेत असं कोणी लिहून देणार नाही, अजून तेवढं कोणाला कळलेलंच नाही. काही पोरं जन्मल्यावर थरथरतात, किरकिरी होतात, दूध नीट ओढत नाहीत, कधी श्वासाला त्रास होतो, म्हणून पहिले काही दिवस डोळ्यांत तेल घालून बघावी लागतात. म्हणजे आते, तुझी भीती वेडी नव्हती. पण आई जेवत नाही, झोपत नाही, विहिरीकडे बघते, हेही पोराला निर्धोक नाही. दोन्ही बाजू तोलून तिच्याच डॉक्टरने ठरवायचं. आणि एका दिवसात डबा टांगून ठेवणं, ती म्हणाली, हे सगळ्यांत वाईट. फी घेतली नाही. म्हणाली, पेशंट न आणता आलेला हा पहिला नवरा. (मालन, हे आतेला वाचून दाखव. दोनदा दाखव.)

तिथून तडक पोस्टात गेलो आणि तार केली: गोळ्या एकदम बंद नको, डॉक्टरला भेटा, केरू. पुढचं तुम्हाला ठाऊकच. तारवाला टेकाड उतरला नाही तोवर तू पहिला हंबरडा फोडलास. गुरुजी बाजाराला गेलेले, इंग्रजी वाचणारं कोणी नाही. मालनने तुझे शब्द लिहून पाठवलेत म्हणून कळलं, 'माझा पायाळू गेला गो, माझ्या हातावर पाय टेकून आला नि तसाच गेला.' आते, जिवंतपणी तू मला मेल्या सोडून दुसरी हाक मारली नाहीस. आपल्यामागे काय रडतात ते ऐकायला मिळालेला माणूस मी एकटाच असेन. मी ते पान उशाखाली ठेवलंय. (खरंच ठेवलंय.)

आणि त्या गोंधळात, चक्कर येत असताना, तार उघडली कोणी? मालनने. तिला इंग्रजी अक्षरं लागतात. मधला डॉक्टर हा शब्द वाचला, खाली माझं नाव वाचलं आणि एवढ्या बायकांत उभी राहून म्हणाली, 'ते गेले असते तर स्वतःच्या नावाने तार कशी करतील?' तू रडणं थांबवून म्हणालीस, 'त्याचा काय नेम? त्याचे पाय कुठं एका जागी ठरतात?'

मग ती उठली, देवळात गेली आणि तिनेही कौल लावला: रत्नागिरीला डॉक्टरकडे जाऊ का? उजवी पडली. दुसऱ्या दिवशी पूर्णगडच्या गाडीने एकटी गेली. आते, यात फितवणं कुठं आलं? देव बंद कर म्हणाला, आजच कुठं म्हणाला? डॉक्टरने काय केलं? गोळ्या पुन्हा चालू केल्या, पण निम्म्या, आणि पुढचं महिन्याच्या महिन्याला बघून ठरवू म्हणाला. म्हणजे देवाचंही राहिलं, तिचंही राहिलं. आता ती जेवते, झोपते असं तूच लिहिलंयस, तक्रारीच्या सुरात. सांगताना थोडा सूर बदललास तर तिलाही लिहायला बरं वाटेल. मला विचाराल तर एकीने देवाला विचारून गोळ्या टांगल्या, दुसरीने त्याच देवाला विचारून डॉक्टर गाठला, एका पत्रात दोन बायकांनी एवढं धाडस केलेलं मी ऐकलेलं नाही, आणि दोघी माझ्याच घरातल्या, म्हणून मी इथे छाती काढून फिरतो. टोच्याही परत मिळाला आहे.

(मालन, मला भीती वाटते. हसून लिहितो ते तेवढ्यासाठीच. परत 'तसं' वाटलं तर लगेच आतेला सांग, तिला राग आला तरी सांग.)

बाकी क्षेम. शिमग्याला येतो.
तुझा पायाळू भाचा, केरू

ता. क. – लिहायचं राहिलं म्हणजे ज्यासाठी पत्र लिहिलं तेच राहिलं. बाळंतपण घरी नको, रत्नागिरीच्या हॉस्पिटलात होऊ दे. तू सुईण, अर्धी वाडी तुझ्या हातावर आली, मी तर पायांनी आलो तरी तू सोडला नाहीस. मागचं पोर गेलं ते तुझ्या हाताने गेलं नाही, हे मी कधी बोललो नाही, आज लिहितो. पण या पोराला गोळ्यांमुळे डॉक्टर जवळ पाहिजे. आणि तिथे नर्सला चाळीस खाटा. दूध ओढतंय का, थरथरतंय का, हे बघायला तुझ्याएवढी नजर कोणाची आहे? तू सोबत जाऊन बस. ती म्हणते, आते असेल तरच जाईन.

ता. क. दुसरा – कंसातलंसुद्धा मालन तुला वाचून दाखवते, हे मला ठाऊक आहे. मागच्या पत्रात तू कंसातल्या गोष्टींनाही उत्तरं दिली होतीस.

ता. क. तिसरा – मनिऑर्डर केली आहे. तीनशे रुपये गाडीला, हॉस्पिटलाला आणि तुझ्या नव्या लुगड्याला, डॉक्टरांपुढे विटक्या लुगड्यात उभी राहू नकोस. वर एक रुपया देवाला ठेवून विचार, सुनेसोबत हॉस्पिटलात जाऊ का? डावी पडली तर देवाला प्रश्न नीट ऐकू गेला नसेल, म्हणून आणखी एक. तरी डावी पडली तर गुरवाला म्हणावं, पाकळी नीट चिकटव, त्याचा तिसरा. एकूण रुपये तीनशे तीन.