चौथं शील

ठाकुर्ली,
रविवार, १५ जून, दुपार

प्रिय माया,

जयभीम. फोनवर मला हे जमणार नाही. फोनवर मी ‘सगळं ठीक’ म्हणून मोकळा होतो, सवय झालीय. म्हणून लिहितोय. नाशिकला बुधवारपर्यंत मिळेल.

आई जेवते. वजन एक्केचाळीस किलो सहाशे. दुकान बंद करून काम घरी आणल्यापासून मी खिडकीशी मोटरी उघडून बसतो, तर मार्चपासून ती मला मिस्त्री म्हणते. मिस्त्री, उशीर झाला, तुमची माणसं वाट बघत असतील. अहोजाहो करते, चहा विचारते. तुझी संचितावहिनी सकाळी आठला ठाण्याला ऑफिसला निघते, सातला परत येते. मधले अकरा तास मी आणि आई.

तू सगळ्यांना सांगतेस, दादाने कुणाकडे न शिकता धंदा उभा केला, आईचंही तसंच निभावतोय. मला ते ऐकायला आवडायचं. दहावी नापास माणूस, एक जळकी मोटर उघडून, तारेचे फेरे मोजून वहीत लिहीत शिकलो. वाटलं, हा आजारही तसाच शिकेन. ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेली पुस्तिका चार वेळा वाचली. संडास, मोरी, गॅस, सगळीकडे चिठ्ठ्या लावल्या, अक्षर दोन इंची. आईने त्या काढल्या आणि घडी घालून उशीखाली ठेवल्या. मोटरचं एकदा कळलं की कळलं. आईचं काल कळलेलं आज चालत नाही.

विहारात रविवारच्या वंदनेनंतर मागच्या खोलीत पाच-सहा जण बसतात. प्रत्येकाच्या घरी असं एक माणूस. सुमतीताई त्यांना जमवतात. त्यांच्या मिस्टरांना हेच होतं, आठ वर्षं. मला तीनदा बोलावलं, तिन्ही वेळा मी म्हटलं, रडायला वेळ नाही. त्या म्हणाल्या, रडायला कोण बोलावतंय, चहाला या, साखर तेवढी तुम्ही आणा. गेलो नाही. मला कोण काय शिकवणार.

आता मुद्द्याचं. अकरा एप्रिल, शुक्रवार. दिवा स्टेशनजवळच्या एका सोसायटीची पाण्याची मोटर जळलेली, दोन दिवस बिल्डिंग कोरडी, सकाळपासून आठ फोन. आदल्या दिवशी आई कडी काढून रिक्षा स्टँडपर्यंत गेलेली. त्या दुपारी तिने तीनदा तापलेल्या सोल्डरिंगला हात घालायला बघितलं. कॉइल बांधायची सुती पट्टी माझ्या हातातच होती. मी तिचा डावा हात खाटेच्या दांड्याला बांधला. दोन दहा ते दोन पन्नास. मोटर त्या दिवशी झाली.

त्यानंतर सोळा वेळा. एकूण सतरा. संचिताला ठाऊक नाही. माझी गाठ तू लहानपणापासून बघितलीयस, तारेवरच्या रंगालाही ओरखडा येत नाही. वाटलं, मनगटालाही येणार नाही. पण मोटर हात ओढत नाही गं. आई ओढत होती.

जयंतीला तू व्हिडिओ कॉल केलास. आईला पांढरी साडी नेसवलेली, आणि तुला तिच्या मनगटावरचा लाल वळ दिसला. मी म्हटलं, रक्त घ्यायला आलेल्या पोराने रबर घट्ट आवळला. तू त्याला शिव्या घातल्यास, मीही दोन घातल्या. माया, रबर दंडाला बांधतात, मनगटाला नाही. हे तुझ्या लक्षात आलं नाही, कारण सांगणारा दादा होता.

तेव्हापासून पंचशील म्हणताना माझा आवाज चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या मुसावादा वेरमणीला, बंद पडायला लागला. ठरवून नाही. तीन व्हायची, चौथ्याला ओठ मिटलेले, पाचव्याला पुन्हा चालू. जूनच्या पहिल्या रविवारी चपला घालताना सुमतीताई शेजारी आल्या. म्हणाल्या, शिवरामभाऊ, मोटरवाल्याची मोटर दर वेळी चौथ्यालाच कशी बंद पडते? मग हळू म्हणाल्या, मिस्टर होते तेव्हा माझी पहिल्यालाच पडायची. मी पुढे विचारलं नाही, त्यांनीही मला नाही.

त्या दिवशी मागच्या खोलीत जाऊन बसलो. सगळं सांगितलं, तारखांसकट. कुणी शी म्हटलं नाही. तुमचा नाइलाज होता, असंही कुणी म्हटलं नाही. चहा निवला, तो एकाने परत गरम करून आणला. तिथे बसल्यावर ध्यानात आलं की हिंसा न करण्याचं पहिलं शील मी इतके दिवस सगळ्यात मोठ्या आवाजात म्हणत होतो. सुमतीताई आता मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी येतात. आईला शेंगा सोलायला देतात. आई दाणे पुन्हा टरफलांत मिसळते, त्या निवडून परत पुढे ठेवतात. शनिवार-रविवार संचिता असते. सोमवार, बुधवार, गुरुवार उरतात. पट्टी मी कपाटात कुलपात ठेवलीय, पण किल्ली माझ्याच खिशात आहे.

आज सकाळीही मी चौथ्याला गप्प होतो. सुमतीताई म्हणाल्या, आम्हाला सांगून भागणार नाही भाऊ, जिच्याशी खोटं बोललात तिला सांगा. म्हणून हे पत्र. आणि आणखी एका गोष्टीसाठी. सतराव्या वेळी, तीस मेला, मी पट्टी सोडली तेव्हा आई मनगट चोळत म्हणाली, मिस्त्री, माझा शिवराम येऊ दे, त्याला सांगते, तो नाही सोडायचा तुम्हाला. मी म्हटलं, सांगा. मग ती दाराकडे तोंड करून त्याची वाट बघत बसली, संचिता येईपर्यंत. माया, तू ये. निम्मे दिवस तू सांभाळ, नाहीतर तिला घेऊन जा. चार लोकांत माझं नाव सांगायचं तर तेही सांग. फक्त तिला एकट्या माणसाच्या हातात ठेवू नकोस, तो मी असलो तरी. शिवरामला सांगून झालंय. आता तुला सांगतोय.

तुझाच,
दादा