चौदा दोरांची नावं

३ मार्च, सकाळ
ठरलं! आठ दिवस शिडाच्या बोटीवर. कप्तान बायकोचा मावसभाऊ, तेव्हा निवड झाल्यातच जमा. अट एकच. बोटीवर नुसतं ‘दोर’ म्हणायचं नाही, प्रत्येकाला नाव आहे. चौदा नावं रविवारपर्यंत पाठ हवीत. रेकॉर्ड विभागात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला हा हातचा मळ. ऑफिसात रजा टाकली, सगळ्यांना सांगितलं.

४ मार्च
बोट पाहून आलो. दोर चक्क रंगीत! लाल हॅलयार्ड, शीड वर चढवणारा. निळा शीट, शीड आत ओढायला नि सैल सोडायला. हिरवा टॉपिंग लिफ्ट, शिडाखालचा आडवा दांडा तोलून धरणारा. रंगवार तक्ता केला. बायको म्हणाली, रंगाचं काय घेऊन बसलात, दोराचं दुसरं टोक कुठे जातं ते बघा. पद्धतशीर काम हिला कधी समजलंच नाही.

५ मार्च
पाठांतर झालं नाही. ऑफिसात निरोप समारंभ. साहेबांनी दुर्बीण दिली. मी धैर्यावर बोललो.

६ मार्च
दुर्बिणीने मान आखडली. उद्यापासून रोज दोन तास.

७ मार्च
बायकोने भाजी चिरता चिरता परीक्षा घेतली. चौदापैकी अकरा. उरलेले तीन तसे बिनमहत्त्वाचे. मी अडलो की ती सांगते, तेही तक्ता न बघता. हे जरा खटकलं.

९ मार्च, रविवार
कप्तानाने सगळे दोर बदलले! सगळे पांढरे! जुने झिजले होते म्हणे. आधी सांगायला तोंड दुखत होतं?
शीट सैल सोडा म्हणाला. मी अंदाजाने एक सोडला. आडवा दांडा धाडकन खाली, कप्तानाचा कान थोडक्यात वाचला, थर्मास चेपला. माझी बॅग घेऊन धक्क्यावर उभी असलेली ही ओरडली, अहो, तो टॉपिंग लिफ्ट, वर बघा ना! कप्तानाने तिला बोटीवर घेतलं आणि एकेक दोर विचारला. चौदाच्या चौदा.
घरी येताना बॅग मीच उचलली.

१० मार्च
कप्तानाचा फोन. जागा एकच आहे, तिला पाठवा. मी मोठ्या मनाने जा म्हटलं. वाटलं होतं, ती नाही म्हणेल. दहा मिनिटांत बॅग तयार. माझीच बॅग, माझे कपडे बाहेर काढून. मला रडू आलं. कांदा चिरतोय असं सांगितलं. कांदा घरात नव्हता.

१२ मार्च
ऑफिसच्या लेखी मी समुद्रात. शेजारीण साहेबांची वहिनी, म्हणून पडदे ओढून बसलोय. दूध आणायचीही सोय नाही. या एकांताचं सोनं करायचं. नावं पक्की करणार.

१५ मार्च, संध्याकाळ
कुठल्याशा बंदरातून बायकोचा फोन. इतक्या खुशीत मी तिला कित्येक वर्षांत ऐकलेलं नाही. जेवलात का म्हणाली. मी म्हटलं, ते सोड, चौदाही पाठ झाली, विचार हवं तर. पुढच्या वेळी दोघं जाऊ. ती म्हणाली, पुढची फेरी मे महिन्यात, एकवीस दिवसांची, दादा मला विचारत होता. मी म्हटलं, मग जा की, मी काय अडवणार आहे?
म्हणाली, परवाच हो सांगून टाकलं.